फोटोखालची ओळ

पुणे-सातारा महामार्गावरचं किकवी हे भोर तालुक्यातलं माझं गाव. उत्तरेला कापूरहोळ, तिथून भोरचा रस्ता फुटतो. त्याच्याही पुढे चेलाडी फाटा, तिथून नसरापूरमार्गे वेल्ह्याला जाता येतं. दक्षिणेला सारोळा आणि नीरा नदीचा पूल. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा सुरू. एवढा टापू मी वर्तमानपत्रासाठी फिरतो. स्टुडिओ आहे, लग्नसराईत लग्नाच्या ऑर्डरी असतात, शाळांचे आणि पासपोर्टचे फोटो असतात. घर त्यावर चालतं. तालुक्याच्या पातळीवर पगारी छायाचित्रकार ठेवणं कुठल्याच वर्तमानपत्राला परवडत नाही, त्यामुळे इथे बातमी, फोटो आणि फोटोखालची ओळ ही तिन्ही कामं बहुधा एकाच माणसाकडे असतात.

या तिन्हींत सर्वात कमी वेळ ओळीला मिळतो, आणि सर्वात जास्त जबाबदारी तिच्यावरच असते. शहरातला वाचक फोटोतल्या माणसाला ओळखत नाही. इथे फोटोतला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर तोच पेपर हातात घेऊन बसलेला असतो. त्याचं आडनाव चुकलं, वाडीचं नाव चुकलं, भावाच्या जागी चुलत्याचं नाव पडलं, तर दुपारपर्यंत अख्ख्या गावाला कळतं. माझे फोटो रोज असे तपासले जातात. या तपासणीनेच मला हे काम शिकवलं.

रोलच्या काळात ओळ आणि फोटो एकमेकांना धरून असायचे. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. त्यामुळे बोट जपून चालायचं. प्रिंट काढली की ती पाकिटात घालून स्वारगेटला जाणाऱ्या एसटीच्या चालकाकडे किंवा वाहकाकडे द्यायची, गाडीचा नंबर कार्यालयात फोनवरून कळवायचा आणि तिकडून कोणीतरी स्टँडवर जाऊन पाकीट घ्यायचा. प्रिंटच्या मागे बॉलपेनने लिहिलं तर अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात. म्हणून कागदाच्या पट्टीवर नाव, गाव, तारीख, प्रसंग लिहून ती पट्टी मागे चिकटवायची. फोटो कुठेही गेला तरी त्याची ओळख त्याच्या पाठीवर असायची.

पुढे सायबर कॅफे आले, ई-मेल आला आणि मग व्हॉट्सअॅप. वेग वाढला, पण फोटो आणि त्याची ओळख यांची ताटातूट इथूनच सुरू झाली. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि त्याच्या पोटात नोंदलेली वेळ, कॅमेरा, जागा ही माहिती निघून जाते. खालचा मजकूर एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जाताना गळतो. म्हणून मी फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतो, फाइलच्या नावातच गाव आणि तारीख घालतो, आणि संगणकावर त्या फाइलच्या माहितीच्या रकान्यांत नावं भरून ठेवतो. नव्या मुलांना हे किचकट वाटतं. मला त्यात चिकटवलेली ती कागदाची पट्टी दिसते.

आमच्या कामात सर्वात जास्त भरणा सत्कारांचा, उद्घाटनांचा आणि वाटप-समारंभांचा असतो. अशा फोटोंना पत्रकारितेत कोणी मान देत नाही. रांगेत उभी माणसं, मध्ये शाल-श्रीफळ, मागे फ्लेक्स. पण बचत गटाच्या ज्या बाईचं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून येणार असतं, तिच्यासाठी तो दिवस मोठा असतो. पुढाऱ्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात, कडेला उभ्या असलेल्या बायकांची नावं मात्र कार्यालयात ‘आणि इतर मान्यवर’ या तीन शब्दांत संपतात. म्हणून मी कडेपासून सुरुवात करतो. फोटो काढला की कोणी हलायच्या आत मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून डावीकडून प्रत्येकाला स्वतःचं नाव सांगायला लावतो. दोन फोटोंच्या मध्ये माणसं जागा बदलतात, म्हणून दुसऱ्या फोटोला पुन्हा नावं. लोक सुरुवातीला अवघडतात, मग त्यांना पटतं. पुढे तो कागद कापून, लॅमिनेट करून घरात लावलेला दिसतो आणि त्या नावाखाली बोट ठेवून नातवाला वाचून दाखवलेलंही मी पाहिलं आहे.

जुलैत भातलावणी. भोरच्या पश्चिमेला आणि वेल्ह्याकडे पाऊस एकदा लागला की कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, तिला भिंगापुरतं भोक, बॅगेत कोरडा टॉवेल आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्या तयारीनिशी निघावं लागतं. ढगाळ उजेडात चिखलाचा आणि पाण्याचा रंग एकच होतो. हिरवी रोपं आणि बायकांच्या डोक्यावरच्या प्लास्टिकच्या खोळी तेवढ्या उठून दिसतात. ‘भातलावणीला वेग’ ही ओळ तर आधीपासूनच तयार असते. एकदा नसरापूरच्या पुढे एका खाचरात फोटो काढून बांधावर नावं लिहून घेत होतो. त्यातल्या वयस्कर बाई म्हणाल्या, “भाऊ, मागं एकानं आमचा फोटू काढला आन् खाली ‘शेतमजूर महिला’ लिव्हलं. रान आमचंच हाय. मालकीणबाई म्हनून लिव्हा.” मी सातबाऱ्यावर त्यांचं नाव आहे का, हेही विचारलं. होतं. ओळीत तसं लिहिलं: स्वतःच्या शेतात इंद्रायणीची लावणी करणाऱ्या अमुक गावच्या अमुक. फोटो नेहमीसारखाच होता, पण त्या एका ओळीने तो वेगळ्या बाईचा झाला.

उन्हाळ्यात दरवर्षी एक ठरलेलं काम असतं. भाटघर धरणाचं पाणी उतरलं की वेळवंड खोऱ्यात बुडालेलं कांबरेश्वराचं दगडी मंदिर उघडं पडतं. वेळवंडी नदीवरचं हे धरण १९२८ साली पुरं झालं, तेव्हापासून मंदिर वर्षातला बहुतेक काळ पाण्याखाली असतं. मे-जूनमध्ये ते दिसू लागलं की सगळ्या वर्तमानपत्रांना फोटो हवा असतो. दरवर्षी तोच फोटो कशाला, असं मला पुष्कळ जण विचारतात. मी दरवर्षी एकाच जागेवर उभा राहून, एकाच भिंगातून एक फोटो न चुकता काढतो आणि त्यावर तारीख घालतो. बाकीचे फोटो उजेड पाहून, माणसं पाहून काढतो. पण तो एक फोटो नोंदीसाठी. अशा तारखा असलेल्या फोटोंची रांग लावली की कोणत्या वर्षी पाणी कधी उतरलं, नुसता कळस दिसला की दारापर्यंत वाट मोकळी झाली, हे डोळ्यांनी वाचता येतं. तारीख नसती तर ते सगळे एकाच मंदिराचे सारखेच फोटो झाले असते.

यात्रांमध्ये बैलगाडा शर्यती असतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये त्यांवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात शर्यतींचे घाट ओस पडले होते. आता पुन्हा धुरळा उडतो, गुलाल उडतो, आणि भिंगाला दोन्हींपासून जपावं लागतं. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नेला की बैलांचे चारही खूर हवेत गोठतात. तो साठाव्या भागावर आणून कॅमेरा बैलांबरोबर फिरवला की बैल स्पष्ट येतात, मागची गर्दी रेषांसारखी वाहते आणि वेग दिसतो. फोटोग्राफर म्हणून मला दुसरी रीत आवडते. पण ओळीत मी बैलजोडीच्या मालकाचं गाव, घाटाचं नाव आणि परवानगी होती की नव्हती, हे लिहितो. उद्या कोणी तक्रार केली, वाद झाला, तर तो फोटो आणि ती ओळ दोन्ही बाजूंना उपयोगी पडली पाहिजे.

११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी वारशातले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत आमचा राजगड आहे. त्या आठवड्यात सर्वत्र छापले गेले ते आकाशातून घेतलेले फोटो: ढगांच्या वर आलेला बालेकिल्ला, संजीवनी माचीची चिलखती तटबंदी, सुवेळा माचीचं नेढं. ते सुंदर आहेतच. पण ते कोणीही, कुठूनही येऊन काढू शकतो. स्थानिक माणसाने काढायचे फोटो वेगळे. पाण्याचे हंडे घेऊन चढणाऱ्या बाया, पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी करून देणारी घरं, गडावर राखणीला असणारा माणूस, शनिवार-रविवारी वाटेवर साचणारा कचरा उचलणारी पोरं. गड जगाचा झाला. तो राखणाऱ्यांची नावं कुठे तरी छापून राहिली पाहिजेत, आणि ते काम आमचंच आहे.

महामार्गावर राहायचं म्हणजे अपघात आलेच. रात्री-अपरात्री फोन येतो. पूर्वी आम्ही पोचेपर्यंत फोटो कोणाकडेच नसायचा. आता आम्ही पोचायच्या आत मोबाइलवरून निघालेले फोटो दहा ग्रुपवर फिरलेले असतात, मृतांच्या चेहऱ्यांसकट. कित्येकदा घरच्यांना ती बातमी पोलिसांआधी अशा फोटोतून कळते. हे पाहिल्यापासून मी एक नियम पाळतो. आधी जखमींना गाडीत घालायला हात लावायचा. मग वाहनं, रस्ता, वळण, तुटलेला दुभाजक, नसलेला फलक यांचे फोटो घ्यायचे. मृताचा चेहरा वर्तमानपत्राला पाठवायचा नाही आणि ग्रुपवर तर मुळीच नाही. त्याच वळणावर पुन्हा पुन्हा अपघात होत असतील तर आधीच्या तारखा शोधून ओळीत घालायच्या. एका अपघाताच्या फोटोने लोक हळहळतात. एकाच जागेच्या चार तारखा एका ओळीत आल्या की अधिकाऱ्यांना प्रश्न विचारता येतो.

चेहऱ्याचे फोटो घ्यावे लागतात ते पंचनाम्यासाठी. गावातला फोटोग्राफर म्हणून पोलीस बोलावतात, तेव्हा काम वर्तमानपत्राचं नसतं. आधी लांबून जागा, मग मध्यम अंतरावरून, मग जवळून. जवळच्या फोटोत मोजपट्टी. काहीही हलवायचं नाही, काहीही झाकायचं नाही. हे फोटो पोलिसांकडे जातात आणि माझ्याकडच्या संगणकात वेगळ्या, कुलूपबंद जागी राहतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल फोटो न्यायालयात द्यायचा तर तो कोणत्या उपकरणातून आला, याचं प्रमाणपत्र लागतं आणि फाइलमध्ये बदल झालेला नाही हे तपासण्यासाठी तिचं हॅश मूल्यही नोंदवावं लागतं. फोटो कोणी, कधी, कुठे, कशाने काढला, हे मी ओळीत लिहीत आलो, तेच आता कायदाही मागतो.

फोटो न्यायालयात उभा राहिल्याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार चालू असताना ‘मुंबई मिरर’चे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा कॅमेरा घेऊन स्थानकात शिरले. हातात रायफल घेऊन चालणाऱ्या अजमल कसाबचा त्यांनी काढलेला फोटो जगभर गेला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे श्रीराम वेर्णेकर यांनीही त्या रात्री फोटो काढले. दोघांनी पुढे विशेष न्यायालयात साक्ष दिली. फोटोची बाजू मांडायला फोटो काढणारा स्वतः उभा राहिला, मी तिथे होतो असं शपथेवर म्हणाला. आमच्या पेशाची याहून मोठी कसोटी नाही.

जगातल्या बातम्याही मी याच नजरेने वाचतो. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत इटलीच्या जोव्हानी त्रोइलो यांना बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरच्या मालिकेसाठी पारितोषिक मिळालं. शहराच्या महापौरांनी आक्षेप घेतला. चौकशीत त्यातला एक फोटो शार्लरुआत काढलेलाच नव्हता, ब्रुसेल्समधल्या मोलनबेकमध्ये काढला होता, असं निघालं आणि पारितोषिक परत घेतलं गेलं. फोटो उत्तम होता. ओळीतलं गाव खोटं होतं. जगातल्या मोठ्या स्पर्धेत ती गोष्ट पकडली गेली ती तिथल्या स्थानिक माणसांमुळे. सारोळ्याचा पूल म्हणून कोणी दुसऱ्याच पुलाचा फोटो छापला तर इथला शेतकरी ते एका क्षणात सांगेल, तसंच ते झालं.

दुसरी बातमी मला जास्त लागली. ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममध्ये नापाम बाँबने भाजून रस्त्यावर धावणाऱ्या नऊ वर्षांच्या किम फुकचा फोटो असोसिएटेड प्रेसच्या निक उट यांच्या नावावर पन्नासहून अधिक वर्षं आहे. जानेवारी २०२५ मध्ये एका माहितीपटाने दावा केला की तो फोटो न्गुयेन थान न्घे या फुटकळ मानधनावर काम करणाऱ्या स्थानिक छायाचित्रकाराने काढला होता. असोसिएटेड प्रेसने चौकशी करून श्रेय बदलण्याइतका पुरावा नाही असं ठरवलं. वर्ल्ड प्रेस फोटोने मे २०२५ मध्ये आपल्या नोंदीतलं श्रेय तात्पुरतं थांबवलं. उट यांनी फोटो आपलाच असल्याचं ठामपणे सांगितलं आहे. खरं काय, हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. पण तालुक्याच्या गावातून फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न आतून समजतो. आपल्याकडे छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. पुढे त्यांना पद्मविभूषण मिळालं, तरी त्या पहिल्या फोटोंखाली त्यांचं नाव नव्हतं ते नव्हतंच. ‘छाया’ या शब्दापुढचं नाव हा मानाचा प्रश्न आहेच. त्याहून अधिक तो जबाबदारीचा आहे. फोटोबद्दल कोणाला काही विचारायचं झालं तर विचारायचं कोणाला, हे त्या नावावरून कळतं.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. पुणे जिल्ह्यात बिबट्यांचा वावर वाढला तसे बिबट्यांचे बनावट फोटोही गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागले. मागे एका संध्याकाळी शेजारच्या गावातून फोन आला. “दादा, आमच्या शाळंमागं बिबट्या आलाय, फोटू आलाय बघा. पोरं उद्या शाळंत पाठवायची का न्हाय?” फोटो पाहिला. भिंतीवर बसलेला बिबट्या, मागे झाड, संध्याकाळचा उजेड. त्या शाळेचे वर्गफोटो मी कितीतरी वर्षं काढतो आहे. तिची मागची भिंत दगडी आहे, फोटोतली विटांची होती. शाळेमागे विजेचा खांब आहे, फोटोत नव्हता. तरीही घरात बसून ‘खोटा’ म्हणून सांगणं बरोबर वाटलं नाही. गाडी काढून गेलो, भिंतीचा फोटो त्याच बाजूने काढला, आणि दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवून ग्रुपवर टाकले. खाली वेळ, तारीख आणि माझं नाव. वनविभागालाही कळवलं. बिबट्या या भागात खरोखर येतोच, त्यामुळे ‘घाबरू नका’ असं लिहिलं नाही. ‘हा फोटो इथला नाही’ एवढंच लिहिलं. जेवढं माहीत होतं तेवढंच.

कॅमेरा कंपन्या यावर उपाय काढत आहेत. लायकाने २०२३ मध्ये असा कॅमेरा आणला, जो फोटो काढतानाच, तो मूळ कुठून आला याची डिजिटल मोहर त्यावर उमटवतो. अशी मोहर हळूहळू स्वस्त कॅमेऱ्यांतही येईल आणि ती यावीच. पण शाळेची भिंत दगडी आहे हे त्या मोहरेला माहीत नसतं. ते माहीत असणारा माणूस गावात लागतो.

ओळीत काय लिहायचं याइतकंच काय लिहायचं नाही, हेही या कामात शिकावं लागतं. अत्याचार झालेल्या मुलीचं नाव, घर, शाळा, गल्ली, ओळख पटेल असं काहीही छापायला कायद्याने मनाई आहे. लहान गावात गल्लीचा फोटोसुद्धा नावाइतकाच बोलतो. अशा बातमीला मी फोटोच देत नाही. नाव देणं आणि नाव झाकणं, दोन्ही त्या माणसाचा मान राखण्यासाठीच असतं.

इतक्या वर्षांचा साठा आता स्टुडिओतल्या कपाटात आणि हार्ड डिस्कवर आहे. जुन्या निगेटिव्ह प्लास्टिकच्या पाकिटात, प्रत्येकावर गाव आणि तारीख. डिजिटल फोटोंच्या दोन प्रती, दुसरी वेगळ्या घरात. कोणी गेलं की घरचे येतात. “आमच्या आण्णांचा पेपरातला एक फोटो होता बघा, फेटा बांधलेला, यात्रेतला.” गाव आणि साधारण साल कळलं की तो फोटो सापडतो. पुष्कळ घरांत त्या माणसाचा एकट्याचा चांगला फोटो तेवढाच असतो. नावं नोंदलेली नसती तर गर्दीतल्या फेट्यांमधून तो फेटा मला कधीच शोधता आला नसता. त्या फोटोचे मी पैसे घेत नाही.

आता प्रत्येकाच्या हातात चांगला कॅमेरा आहे. गावातली पोरं माझ्यापेक्षा लवकर पोचतात, कधी माझ्यापेक्षा चांगला फोटो काढतात. ती माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना भिंग आणि शटर यांच्याआधी एक साधी सवय लावतो. फोटो काढला की जागेवरच पाच गोष्टी लिहायच्या: कोण, कुठे, केव्हा, काय चाललं होतं, आणि हे सांगणारा मी कोण. पाचातली एखादी माहीत नसेल तर विचारायचं. विचारून कळली नाही तर ती जागा रिकामी सोडायची, अंदाजाने भरायची नाही. आणि फोटोतल्या माणसाला आपला फोन नंबर द्यायचा, म्हणजे चुकलं तर तो आपल्यापर्यंत येऊ शकेल. एवढं ज्याने अंगी बाणवलं, तो पगारी असो वा नसो, त्याला मी वर्तमानपत्राचा छायाचित्रकार मानतो.